पायाखालचा गळा

अहो, जरा पाय उचला! नाही नाही, थांबा, उलटंच बोललो. उचलू नका, ठेवा. आनंदाच्या भरात माझं नेहमी असं होतं. पाय पडल्याशिवाय मला कंठ फुटत नाही, आणि एकदा फुटला की आवरत नाही. मी वाह-पेडल बोलतोय. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी विटेएवढी एक लोखंडी वस्तू पडलेली असते, वर रबर लावलेली हलती फळी असते, पाहिलीत ना? तोच मी.

माझं काम सोपं आहे हो. गिटारची वायर एका बाजूनं माझ्या पोटात शिरते, दुसऱ्या बाजूनं निघते आणि पुढे अँप्लिफायरला जाते. मधल्या वाटेत मी सुराला तोंड देतो. टाचेकडून दाबलं की सूर 'ओ' म्हणतो, अंगठ्याकडून दाबलं की 'आ' म्हणतो. मागेपुढे करत राहिलं की ओआ, ओआ, ओवाँव! साधी तार अशी काही बोलायला लागते की शेजारची म्हैससुद्धा मान वर करून बघते. ही मी थाप मारत नाही. म्हैस चांगूची आहे, तो पुढे भेटेलच, विचारा तिला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. पहिला मालक मात्र आठवतो. डोंबिवलीचा एक साहेब. त्यानं गिटार घेतली, अँप्लिफायर घेतला, मला घेतलं, गिटार धरून आरशासमोर फोटो काढले आणि व्यायामाच्या डंबेल्सशेजारी आम्हाला पलंगाखाली ढकललं. त्या डंबेल्सनाही कोणी हात लावत नव्हतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. पुढे साहेबाचं लग्न ठरलं, पलंग विकला गेला आणि जुन्या सामानाच्या खोक्यातून फिरत फिरत मी महाडच्या बाजारपेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात येऊन पडलो.

दुकान झकास होतं. उंबऱ्याबाहेर चपला काढूनच आत यायचं, कारण आत सगळी सरस्वती मांडलेली. ढोलक्या, टाळ, पेट्या, एका कोपऱ्यात दोन कॅसिओ. गिऱ्हाईक यायचं आणि ढोलकी ठोकून बघायचं. माझ्याकडे बोट दाखवून दोघातिघांनी विचारलं, "हे वजन करायचं मशीन का?" दुकानदार दरवेळी हसायचा. मला नाही हसू यायचं.

आणि मग एका शनिवारी राजश्री आली.

पंचविशीची पोर, महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात कामाला, राहायला पोलादपुरापुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत. पाठीला गिटार. बरोबर चांगू, वाडीतला ढोल वाजवणारा. हा चांगू एरवी पोलादपूरच्या स्टँडबाहेर हातगाडीवर कलिंगडं विकतो आणि बोलतोही कलिंगडासारखाच, कापलं की लालभडक.

"वाह-पेडल हाय का?" राजश्रीनं विचारलं.

दुकानदार उठून उभाच राहिला. "आहेत की ताई! चार आहेत. वाजवायचं कुठे?"

"शिमग्याला. पालखीपुढं."

दुकानदार परत बसला.

मग चांगूनं सगळी कर्मकहाणी सांगितली. वाडीत राजश्रीच्या काकांची, गोमाजींची, बेंजो पार्टी आहे. गळ्यात बेंजो अडकवून गोमाजी पुढे आणि ढोल-ताशे मागे, असा देवीच्या पालखीचा थाट वर्षानुवर्षांचा. पण गोमाजींचा मुलगा अक्षय मुंबईत असतो, वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी आहे, आणि त्यानं फर्मान काढलं होतं: ह्या शिमग्याला पालखी दणकून नाचली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून डीजे. पार्टी बंद.

"बापाची पार्टी, आणि पोरगाच बंद करतोय," चांगू म्हणाला. "बोलतो, बेंजो आउटडेटेड झाला. आता हिच्या गिटारवरच काय ती मदार."

"डीजेकडं नसल असा आवाज पायजे मला," राजश्री म्हणाली. "आणि तो अनवाणी वाजला पायजे. पालखीपुढं आमी चपला घालत नाय."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या स्प्रिंगा थरथरल्या! अहो, आमची सगळी जात जाडजूड बुटांसाठी बनवलेली. आमचं बटण असतं फळीच्या टोकाखाली. बूट आपटला की चालू, परत आपटला की बंद. अनवाणी पायानं पेडल निवडायला आलेलं गिऱ्हाईक आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

दुकानदारानं चौघांना जमिनीवर ओळीनं मांडलं. राजश्रीनं गिटार जोडली, पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. मग खाली वाकली, पहिल्या पेडलला हात लावला, तो छातीला लावला आणि पुटपुटली, "वाद्याला पाय लावतेय गो माय, माफ कर."

तो पहिला म्हणजे कोरा करकरीत, भारी असामी. तिनं अंगठ्यानं दाबलं. बटण हललं नाही. जोर लावला. तरी नाही. चांगूनं तिच्या खांद्यावर भार दिला तेव्हा कुठे ते 'खट' वाजलं आणि राजश्री "आई गं!" करून एका पायावर नाचली. दुसरा एवढासा, गोजिरवाणा. त्याच्यावर पाय ठेवला की तो शेतातल्या खेकड्यासारखा तिरका सटकायचा. तिसऱ्याला बटणच नव्हतं, पाय ठेवला की जागा, उचलला की झोपला. तो तिला आवडला. माझा जीव खालीवर झाला. पण त्याचा आवाज असा बारीक, जणू कोणीतरी शिंक दाबतंय. शिवाय पाय काढल्यावरसुद्धा गिटारचा मूळ सूर घुसमटलेलाच राहायचा. राजश्रीनं दोनदा वायर काढून थेट वाजवून पाहिलं आणि मान हलवली. "हा झोपेतपण नरडं दाबून ठेवतोय."

मग माझी पाळी. वाकली, नमस्कार केला, पाय ठेवला. आणि मी काय केलं? खोकलो! पलंगाखालची सगळी धूळ पोटात, खर्रर्र झालं.

"ह्याला दमा हाय," चांगू म्हणाला.

मेलो, असं वाटलं मला. पण राजश्रीनं पाय काढला नाही. दुकानदारानं पोटात स्प्रे मारला, मला गुदगुल्या झाल्या, आणि मग तिनं अंगठा नुसता टेकवल्यासारखं केलं तोच बटण लागलं. जुनं बटण होतं ना, सैल झालेलं! इतके दिवस ज्याची मला लाज वाटायची तेच नेमकं तिच्या पायाला हवं होतं. तिनं शिमग्याची चाल धरली आणि मी गायलो. ओवाँव, ओवाँव! खालचा सूर ढोलासारखा घोगरा, वरचा बेंजोसारखा चिरका. चांगू तिथंच दुकानात दोन पावलं नाचला आणि टाळांच्या खोक्यावर पडला.

"ताई, दरवेळी असा नमस्कार केलात तर गाणं कधी वाजवणार?" दुकानदारानं विचारलं.

"करन मी माझं," ती म्हणाली आणि मला ओढणीत गुंडाळलं.

एसटीच्या खिडकीपाशी तिच्या मांडीवर बसून मी पोलादपूरला निघालो तेव्हा मला वाटलं, आता काय, आता नुसती मजा! मला गोमाजी माहीत नव्हते.

गोमाजींचा बेंजो देव्हाऱ्याखालच्या फळीवर असतो. त्याच्या खोळीला चुकून कोणाचा पाय लागला तरी त्या माणसानं दोनदा नमस्कार करायचा, असा घरचा कायदा. राजश्रीनं मला पडवीत ठेवलं, गिटार जोडली, नमस्कार केला आणि पाय ठेवला. गोमाजी चहा पीत होते. बशी तशीच तोंडाशी राहिली.

"पाय काढ."

"काका, हे पायानंच वाजवतात."

"वाद्य हाय का नाय हे?"

"हाय."

"मग पाय काढ. वाद्याला पाय लावून देवीफुडं वाजवणार तू? पार्टी बंद झाली तरी चालल मला. डीजे तर डीजे."

राजश्रीचा चेहरा पडला. मीही पडलो, म्हणजे मी पडलेलाच असतो, पण आतून पडलो. आणि तेवढ्यात पडवीच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्राचा खडखडाट थांबला. तिथे रंगूबाई बसल्या होत्या, गोमाजींच्या पत्नी, वाडीभरच्या पोलक्यांच्या मालकीणबाई.

"अवो, ही माझी मशीन," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला हिला हळदकुंकू वाहते. दुसऱ्या दिवसापासनं बाराही महिने पाय मारते. रुसली काय कधी? का तुमचा सदरा उसवला?"

"मशीन वेगळी."

"कशी वेगळी? ती पोट भरते, ही तुमची पार्टी वाचवंल. आणि भजनातली ती जुनी पायपेटी, तिचा भाता काय बुवा डोक्यानं दाबायचा?"

गोमाजींनी बशी खाली ठेवली. वाकून मला वरून खालून निरखलं. मी जमेल तेवढा साळसूद चेहरा केला.

"नमस्कार करून लावायचा पाय," ते शेवटी म्हणाले. "आणि पालखी नाय नाचली तर ही पायपेटी माझ्या दारात दिसता कामा नये."

रंगूबाईंनी उठून माझ्या रबरावर हळदकुंकवाची बोटं ओढली. असा नटलो होतो मी! डोंबिवलीच्या साहेबानं तर माझ्यावरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं.

सगळं ठरलं आणि तालमीच्या दिवशी वेगळाच घोळ झाला. सहाणेपुढे, म्हणजे जिथे पालखी बसते त्या ओट्यापुढे, राजश्री उभी राहिली, मी पायाखाली, आवाज असा खणखणीत की बायका पाण्याचे हंडे ठेवून बघायला आल्या. गोमाजी मात्र गालात हसत होते. वाजवून झाल्यावर म्हणाले, "झ्याक. आता चाल."

"म्हंजे?"

"पालखी घरोघरी जाते गो! पार्टी तिच्याफुडं चालते. तू एका जागी हुबी राहून वाजवणार, आणि पालखी काय रिक्षानं जाणार?"

आरारारा! एवढी निवड केली, अनवाणी पायाचा विचार केला, नरड्याची परीक्षा घेतली, आणि पाय चालता असतो हेच कोणाच्या डोक्यात आलं नाही! माझ्यासुद्धा नाही.

मग काय विचारता, नुसती धमाल. आधी मला चांगूच्या पाठीला बांधलं. राजश्रीचा पाय तिथवर पोचेना. मग रंगूबाईंनी मला सुपात घेतलं आणि शेजारून चालत हातानं दाबायला लागल्या. पण त्यांचा हात मशीनच्या सवयीचा, एकदा सुरू झाला की शिवण संपेपर्यंत थांबायचा नाही. शेवटी चांगूनं कलिंगडाची हातगाडी आणली. तिच्यावर अँप्लिफायर, बॅटरी, भोंगा, मी, आणि माझ्यावर पाय ठेवून राजश्री. गोमाजींच्या बेंजोची वायरही त्याच अँप्लिफायरला. शिमग्यापुरता चांगूनं ढोल दुसऱ्याला दिला आणि स्वतः दांडे धरले. गाडीचा मालक तोच, ती दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हता.

शिमग्याच्या दुपारी मुंबईकरांच्या गाड्यांनी वाडी भरून गेली. अक्षय आला, डोळ्यांवर गॉगल, हातात फोन. "राजू, क्या बात है! फुल सेटअप!" राजश्रीला म्हणाला आणि बापाकडे न बघता पुढे गेला. गुलाल उडाला, पालखी उठली, आम्ही निघालो.

आणि वाईट झालं. खोटं कशाला बोलू? पहिल्या घरी वाईट, दुसऱ्या घरी त्याहून वाईट. राजश्रीचा पाय माझ्यावर होता, पण असून नसल्यासारखा. ती अंगठा दाबायची आणि काकांकडे बघायची. काका तिच्या पायाकडे बघत असायचे. लगेच तिचा पाय आखडायचा. मी अर्धा शब्द बोलून गप्प. गोमाजींचा बेंजो एकीकडे, आमची गिटार दुसरीकडे, आणि पालखी खांद्यावर घेतलेली पोरं नुसती चालत होती. नाचणं सोडाच, एकानं जांभई दिली. अक्षय फोन कानाला लावून म्हणत होता, "हां भाई, नेक्स्ट इयर का डेट लिख के रखो." ते राजश्रीनं ऐकलं. गोमाजींनीही ऐकलं. त्यांनी मान खाली घातली आणि वाजवत राहिले. त्या माणसाचा मला तेव्हा राग नाही आला.

वरच्या आळीतून सहाणेकडे मोठा उतार आहे. आम्ही उताराच्या तोंडाशी थांबलो होतो, पालखी मागून येत होती. चांगू दांडे घट्ट धरून उभा. पालखी वळली, चांगूनं मागे बघितलं आणि देवीचा मुखवटा नेमका त्याच्यासमोर आला.

आता तुम्ही सांगा, देवी समोर आल्यावर कोणता माणूस हात जोडायचा राहील?

चांगूनं हात जोडले.

दोन्ही हात जोडले! डोळेही मिटले! आणि गाडी निघाली.

"अगं आई आई आई!" राजश्री किंचाळली. तोल सावरायला तिनं सगळा भार माझ्यावर टाकला आणि मी जन्मात बोललो नव्हतो असा बोललो. ओऽऽवाँऽऽव! गाडी दगडावरून उडाली, वाँव! खळग्यात गेली, ओव! घाबरून तिच्या बोटांनी तारा सोडल्या नाहीत, उलट जोरानं धरली ती शिमग्याची चाल. आणि गोमाजी? त्यांचा बेंजो गळ्यात, वायर गाडीला! वायर ताणली तसे तेही निघाले. धोतराचा सोगा एका बाजूला, टोपी दुसऱ्या बाजूला, आणि धावता धावता हात मात्र बेंजोवर. थांबले असते तर वायर तुटली असती, म्हणून थांबले नाहीत, आणि पळताना गप्प राहणं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून वाजवत राहिले. मागे ढोल-ताशेवाले धावले. पालखीवाल्या पोरांना वाटलं पार्टीनं लय वाढवली! तीही सुटली. पालखी खांद्यांवर उसळायला लागली, डावीकडे, उजवीकडे, गोल. बायका ओरडत होत्या, म्हातारे टाळ्या पिटत होते, आणि सगळ्यांच्या मागून चांगू, "माझी गाडी! माझी गाडी!"

मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्यावरचा तो पाय बदलला होता हो! निम्म्या उतारावर तो पाय भ्यायचा थांबला. तो आता माझ्यावर नाचत होता, आणि वरून राजश्रीचं खिदळणं ऐकू येत होतं.

गाडी सहाणेशेजारच्या पेंढ्यात घुसली आणि थांबली. आवाज थांबला नाही. गाडीवरच, गुडघाभर पेंढ्यात उभी राहून ती वाजवत राहिली, गोमाजी धापा टाकत शेजारी येऊन वाजवत राहिले, आणि आता दोन्ही वाद्यं एकमेकांना धरून चालली होती. पालखी इतकी नाचली की पोरं खांदे बदलून बदलून थकली. शेवटी खांदा द्यायला अक्षय धावला. गॉगल कुठे गेला कोणास ठाऊक. गुलालानं माखलेला तो पालखीखाली रडत नाचत होता आणि ओरडत होता, "आबा, थांबू नका! आबा, अजून!"

रात्र पडायच्या आत कोणीतरी त्याला डीजेचं विचारलं. "कसला डीजे?" तो म्हणाला. बस, एवढंच.

गोमाजींनी मात्र मला काही नाव दिलं नाही. वाद्य म्हणाले नाहीत, पेटी म्हणाले नाहीत, दाराबाहेरही काढलं नाही.

सध्या माझा मुक्काम पडवीत, शिवणयंत्राशेजारी एका पाटावर आहे. अंगावर गुलाल, पोटात पेंढ्याची एक काडी, हळदकुंकू अजून पुसलं गेलेलं नाही. तुमच्या घरी पलंगाखाली माझा कोणी भाऊबंद पडला असेल तर कृपा करून त्याला बाहेर काढा. धूळ आम्हाला सहन होते, मुकं राहणं होत नाही.

आणि परवाचं सांगतो, मग खरंच थांबतो. संध्याकाळची वेळ. रंगूबाई मशीनवर. गोमाजी बेंजो घेऊन पडवीत आले. इकडे तिकडे बघितलं. बेंजोची वायर माझ्या एका बाजूला खुपसली, दुसरी अँप्लिफायरला जोडली. तांब्याभर पाण्यानं अंगणात पाय धुऊन आले. वाकून मला हात लावला, तो कपाळाला लावला. मग ज्या माणसानं उभ्या आयुष्यात वाद्याच्या खोळीला पाय लागू दिला नव्हता, त्यानं उजव्या पायाचा अंगठा माझ्यावर टेकवला. त्यांनी एक तार छेडली, अंगठा हळूच दाबला, आणि त्यांचा तो जन्माचा बेंजो माझ्या गळ्यातून बोलला.

मशीन थांबली. दारात राजश्री उभी होती, कंपनीतून आलेली, खांद्याला पर्स तशीच. गोमाजींनी तिला पाहिलं. मला वाटलं, आता पाय काढतील. नाही काढला.

"फुडल्या शिमग्याला तू फुडं राव," ते म्हणाले. "मी तुझ्या मागनं येतो."

तिनं पर्स खाली ठेवली. पुढे आली आणि काकांच्या पाया पडायला वाकली. एक पाय जमिनीवर, एक माझ्यावर. तिची बोटं अर्धी त्यांच्या अंगठ्यावर टेकली, अर्धी माझ्या रबरावर. नमस्कार नेमका कोणाला होता ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्ही दोघांनीही विचारलं नाही.